लाकडी पायांचं विष

आमच्या भावजींना एक खोड आहे. रांग दिसली की ते आधी उभे राहतात आणि कसली रांग आहे ते मागाहून विचारतात. एकदा असेच तासभर उभे राहिले. नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने विचारलं, "कुत्रा कुठाय?" ती कुत्र्यांना सुई टोचायची रांग होती. घरी येऊन मला म्हणाले, "वहिनी, व्यवस्था मात्र चोख होती." असा हा माणूस. तीस वर्षं कचेरीत कारकुनी केली, आणि मी तिसरीतून शाळा सोडली हे मला दर दोन दिवसांनी सांगतात. मी विसरले असेन म्हणून.

तेव्हा गल्लीच्या टोकाला जुन्या गोदामासमोर रांग लागली आणि तिच्यात पहिला नंबर भावजींचा होता, यात नवल नाही.

आत एक खुर्ची, खुर्चीपुढे प्लास्टिकचा निळा टब. टबात पाणी, पाण्यात मूठभर मीठ, आणि दोन लोखंडी पट्ट्या. पट्ट्यांना वायर, वायरला एक डबा, डब्यावर लाल दिवा. बाजूला पांढरा झगा घातलेला माणूस, गळ्यात डॉक्टरची नळी. तीसुद्धा एकाच कानात घातलेली, दुसरा कान लोकांच्या कौतुकासाठी मोकळा. सगळे त्याला महाराज म्हणायचे. मी टबमहाराज म्हणते.

माणसाने खुर्चीत बसायचं, पाय टबात सोडायचे. महाराज डब्याचं बटण दाबायचा. दोन मिनिटांत पाणी पिवळट. पाच मिनिटांत चहासारखं. दहा मिनिटांत तपकिरी चिखल, वर फेस, मधेच हिरवट साय. बघणारे माना पुढे करकरून बघायचे.

"बघा," महाराज काठीने ते पाणी ढवळत म्हणायचा, "हे तपकिरी आलं ते गुडघ्याचं विष. हिरवं ते यकृताचं. फेस म्हणजे मनात दाबलेला राग. आणि हे काळे कण दिसतात का? बायकोशी बोललेलं खोटं."

बसलेला माणूस घाईघाईने पाय काढून घ्यायचा आणि बायको टबात वाकून कण मोजायला लागायची.

हे एवढं चाललं कशामुळे, तर आमच्या गल्लीत विष खरोखरच सापडलं होतं. तेही माझ्याच दोरीवर.

माझी लाँड्री आहे. गिऱ्हाइकाचा कपडा भिजवायच्या आधी खिसे रिकामे करायचे, हा माझा नेम. माझ्याकडे एक डॉक्टर कपडे टाकायचा. पोरांचे दात आणि हाडं तपासत गल्लीगल्ली हिंडणारा, बारीक, सतत शिंकणारा. आणि एक बाई यायची, तिला आम्ही दगडवाली म्हणायचो. पिशवीत हातोडा, पँटच्या खिशात खडे. ती जमिनीखालच्या दगडांचा आणि पाण्याचा अभ्यास करायची. दोघांची कचेरी एकाच इमारतीत, एक वर, एक खाली. आठ महिने दोघं आमच्याच गल्लीत हिंडत होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. जिन्यात भेटले तर बाजूला होऊन वाट द्यायचे.

एके दिवशी माझा नेम चुकला; दोघांच्याही खिशात कागद राहिले आणि भिजले. मी ते दोरीवर शेजारी शेजारी चिमट्याने वाळत घातले. मला वाचन यथातथाच येतं, पण आकड्यांत मी पक्की. लाँड्रीत सगळा कारभार नंबरावर चालतो. डॉक्टरच्या कागदावर घरांचे नंबर होते, ज्या घरात पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, त्यांचे. दगडवालीच्या कागदावर आमच्या गल्लीचं चित्र, आणि खोल बोअरचा पंप ज्या घरांना पाणी देतो त्यांचे नंबर. मी इस्त्री बाजूला ठेवून बघत राहिले. नंबर तेच. बेचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस, एकावन्न. बेचाळीस म्हणजे आमचं घर.

मी दोघांना बोलावलं आणि दोरीपुढे उभं केलं. "हे वाचा," म्हटलं, "आणि आपापसांत बोला जरा. कपडे एकत्र भिजतात तुमचे, तोंडं का उघडत नाहीत?"

मग जे बोलायला लागले ते थांबेनात. अहवालात कुणाचं आधी लिहायचं, दगड आधी की दात आधी, यावर माझ्या दुकानात तीन दिवस भांडण. पण काम झालं. दगडवालीने मला समजावलं ते असं: खोलवरचं पाणी तिथल्या दगडाला वर्षानुवर्षं चिकटून बसतं आणि त्यातलं फ्लोराइड नावाचं खनिज उचलतं. डॉक्टर म्हणाला, ते पाणी रोज पोटात गेलं की वाढत्या पोरांचे दात डागाळतात, पुढे गुडघे, पाठ, मान आखडते. दोघांनी मिळून बोअरचा पंप लाल रंगवला, प्यायचं नाही. टेकडीपलीकडच्या उथळ विहिरीला हिरवा रंग, प्या. लाल पंप आमच्या दारापासून वीस पावलांवर. हिरवी विहीर जाऊन येऊन पाऊण तास.

आमची नात सात वर्षांची. पुढचे दात मोठे म्हणून घरात तिला खारुताई म्हणतात. चार पक्के दात आलेत, चौघांवरही पट्टे. हसताना ओठावर हात धरते. मी डॉक्टरला विचारलं, हे जाईल का. त्याने खोटं सांगितलं नाही. म्हणाला, "आजी, आलेल्या दातांचे पट्टे पाणी बदलून जात नाहीत. पण बाकीचे अजून हिरडीत आहेत. आजपासून पाणी बदललं तर ते बरेचसे वाचतील."

आजपासून म्हणजे आजपासून. मुलगा ठेल्यावर कपडे पोचवतो, सून इस्त्रीवर, मी घरामागे हौदावर. रिकामे फक्त भावजी. त्यांना हिरव्या विहिरीचं पाणी आणायचं काम दिलं. सायकलला दोन कॅन. पहिले दहा दिवस पाऊण तास लागायचा, येऊन धापा टाकायचे, कण्हायचे.

आणि मग टबमहाराज आला. तो काय बोलला ते ऐका, म्हणजे लबाडी किती शिकलेली असते ते कळेल. त्याने दगडवालीला आणि डॉक्टरला खोटं पाडलंच नाही. उलट त्यांच्या पाया पडायच्या बेतात होता. "वैज्ञानिकांनी विष शोधलं," तो म्हणायचा, "पण काढलं का? शोधणं त्यांचं, ओढणं माझं. आठवड्यातून एकदा टबात पाय सोडा, आठवड्याचं विष बाहेर. मग लाल प्या, हिरवं प्या, तुमची मर्जी."

पंधरा दिवसांत हिरव्या विहिरीची वाट ओस पडली. लाल पंपावर पुन्हा बादल्या. लाल रंग बघून लोक म्हणायचे, "विष आहे ना नक्की? मग बरं. टबात दिसेल तरी काहीतरी."

महाराजाचे टॉवेल धुवायला माझ्याकडे यायला लागले. गठ्ठेच्या गठ्ठे, सगळ्यांवर तपकिरी डाग. आणणाऱ्याने बजावलं, "हे विषाचे डाग आहेत, वेगळे धुवा." मी वेगळे धुतले. साबणाला हलले नाहीत. सोड्याला नाहीत. ब्लीचिंग लावलं तर आणखी गडद झाले. तिथेच माझे हात थांबले. ब्लीचिंगने गडद होणारा डाग मी चाळीस वर्षं ओळखते. मीठ-लिंबू चोळलं, उन्हात टाकलं, तासाभरात टॉवेल पांढराफेक. तो गंज होता. दोरीच्या खिळ्याचा शर्टावर पडतो तोच.

आता इथे माझीही चूक सांगते, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल मी अगदी धुतल्या तांदळासारखी. मला हे कळलं आणि तरी मी महिनाभर ते टॉवेल धुतले. गिऱ्हाईक मोठं होतं. मी म्हटलं, लोक मूर्ख बनताहेत तर बनू देत, माझी नात हिरवं पाणी पितेय.

महिना सरताना भावजींना मात्र बोलले. "भावजी, तुमचं विष लिंबाने निघतं."

"वहिनी, यात तुम्हाला कळायचं नाही. ही विद्युत्-शास्त्राची गोष्ट आहे. शरीरात लोह असतं, ते बाहेर येतं."

"इतकं आलं असतं तर तुम्ही एव्हाना पापडासारखे मोडला असता."

"तिसरीत विज्ञान नसतं," ते म्हणाले आणि कॅन घेऊन गेले. पंधरा मिनिटांत परत आले, दोन्ही कॅन भरून. मी मनात म्हटलं, कमाल आहे, टबाने गुडघे सुधारले की काय यांचे.

दोन दिवसांनी खारुताई शाळेतून आली ती हातात कागद नाचवत. भावजींनी तिला परस्पर टबात बसवून आणलं होतं. कागदावर शिक्का आणि मोठ्या अक्षरात, मी एकेक अक्षर लावून वाचलं: विषमुक्त. पोर आरशापुढे उभी राहून दातांवरून बोट फिरवत होती. "आजी, पट्टे उद्या जातील की परवा?"

त्याच दुपारी मी डॉक्टरला आणि दगडवालीला बोलावलं. म्हटलं, या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचंय, कसं करायचं सांगा.

डॉक्टर म्हणाला, "शंभर माणसं घ्यावी लागतील. पन्नास टबात, पन्नास बाहेर."

दगडवाली म्हणाली, "आधी पट्टीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवू."

"उत्तर कधी येईल?"

"पावसाळ्यानंतर," दोघं एका सुरात म्हणाले. पहिल्यांदाच एकमत झालं, तेही असं.

मी उठले आणि शेजारच्या बूटवाल्याकडे गेले. त्याच्याकडे बूट ताणायला लाकडी पाय असतात, माणसाच्या पायासारखे हुबेहूब, बोटं तेवढी नसतात. एक जोड मागितला. तो म्हणाला, "काकू, हे मोठ्या मापाचे आहेत, तुम्हाला होणार नाहीत." म्हटलं, मला घालायचे नाहीत, मला बरे करायचेत. त्यांना राखाडी मोजे चढवले. पाण्यावर तरंगू नयेत म्हणून मोज्यांत दगडवालीचे खडे भरले. खडे निदान कामाला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम गच्च भरलेलं. मी खुर्चीत बसले, लुगडं टबावरून पसरलं, आपले पाय मांडी घालून वर घेतले आणि लुगड्याखालून ते दोन लाकडी पाय पाण्यात सोडले.

महाराज म्हणाला, "आजी, मोजे काढा."

"मी परक्यासमोर पाय उघडे टाकत नाही."

"हरकत नाही. विषाला मोज्याची अडचण नसते." आणि बटण दाबलं.

पाणी पिवळं झालं, चहा झालं, चिखल झालं. फेस तर असा आला की माझ्या हौदाला कधी आला नाही. महाराज ढवळत होता. "बघा लोकहो, चाळीस वर्षांचं साठलेलं. हे तपकिरी, गुडघे पार गेलेत बाईंचे. हिरवं किती आलंय बघा, पित्त. आणि हा फेस. इतका राग मी एका माणसात पाहिला नव्हता."

"राग आहे, ते खरं," मागून बूटवाला म्हणाला.

भावजी पुढच्या रांगेतून मान डोलवत होते. "वहिनी, हलकं वाटतंय ना पायांना?"

"हलकं कसलं, विचारूनच बघा त्यांना," मी म्हटलं, आणि एकेक पाय उचलून महाराजाच्या मांडीवर ठेवला. मग लुगडं बाजूला करून माझे खरे पाय खाली सोडले, कोरडे ठणठणीत.

सगळे वाकून ते लाकडी पाय बघायला लागले. मग एक बाई हळूच म्हणाली, "अगबाई, लाकडालासुद्धा झालंय."

महाराज मोठा हुशार. क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "लाकूड म्हणजे कधीकाळचं झाड. झाडानेही हेच पाणी प्यायलं होतं." आणि माणसं माना डोलवायला लागली हो. एकाने बूटवाल्याला दरडावलं, "तुझ्या या फर्म्यांवर ताणलेले बूट मी घालतो. मला काही झालं तर?"

मी मुलाला सांगून माझ्या हौदावरचा कोरा टब मागवला. "आता यात पाणी घाला, मीठ घाला, पट्ट्या घाला आणि बटण दाबा. पाय कुणाचेच नकोत."

"पायांशिवाय काय होणार?" महाराज म्हणाला.

"तेच बघू."

त्याने बटण दाबायला नकार दिला, तेव्हा दगडवालीने दाबलं. दहा मिनिटं सगळी गल्ली एका रिकाम्या टबाकडे टक लावून उभी. पाणी पिवळं झालं. चहा झालं. चिखल झाला, फेस, हिरवी साय, काळे कणसुद्धा.

"आता हे कुणाचं?" मी विचारलं. "टबाचं लग्न झालंय का? कुणाशी खोटं बोललाय हा?"

इथे मात्र एकजण हसला, मग दुसरा. दगडवालीने पट्टी बाहेर काढून सगळ्यांच्या नाकासमोर धरली. कडा खाल्लेली, बोटाला गंज लागत होता. ती म्हणाली, "मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड भराभर गंजतं. रंग सगळा पट्टीचा. माणसातून काही म्हणजे काही आलेलं नाही." डॉक्टर शिंकला आणि म्हणाला, "म्हणजे जे प्यायलात ते सगळं अजून आतच आहे."

हे ऐकून मात्र हसणं थांबलं. महाराज वायर गुंडाळायला लागला. बूटवाला आपले पाय मागत होता.

दगडवालीने पिशवीतून काचेची नळी काढली. "ज्यांना वाटेल त्यांनी घरचं प्यायचं पाणी आणा. माझ्या औषधाचे थेंब टाकते. गुलाबी राहिलं तर ठीक. पिवळं झालं तर फ्लोराइड जास्त." लोक घुटमळले. कुणालाच पहिलं यायचं नव्हतं. मग मला ताठा चढला. म्हटलं, दाखवू यांना शहाणं घर कसं असतं. "खारुताई, आपल्या माठातलं पाणी आण तांब्याभर. हिरव्या विहिरीचं आहे, बघा सगळे."

पोर पळत गेली, पळत आली. दगडवालीने थेंब टाकले. मी लोकांकडे बघत होते, नळीकडे नाही. लोकांची तोंडं बघून मला कळलं.

पिवळं. गर्द पिवळं.

"चुकलं असेल काहीतरी, दुसरी नळी घे," मी म्हणाले. दुसरीही पिवळी.

तेव्हा मला त्या पंधरा मिनिटांचा हिशोब लागला. मी भावजींकडे पाहिलं. ते रांगेत उभे होते. रांग कधीच मोडली होती, ते एकटेच उभे होते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"महिना," ते म्हणाले. "वहिनी, टेकडी चढवत नाही हो आता. आणि आठवड्याला निघतंच आहे म्हटल्यावर... मी स्वतः तेच पितो ना. पोरीला तर मी टबातही बसवून आणलं."

डॉक्टर पुढे आला. त्याने भावजींना सांगितलं, गुडघे न वाकवता पायाची बोटं धरा. त्यांचे हात मांडीशीच थांबले. हनुवटी छातीला लावा. लागेना. गल्लीतली निम्मी माणसं मागे गुपचूप तसंच करून बघत होती, आणि निम्म्यांची तोंडं उतरलेली. डॉक्टर म्हणाला, "काका, टेकडी का चढवत नाही, याचंही कारण या नळीतच असेल. दवाखान्यात या, नीट बघतो."

खारुताईने नळी हातात घेतली, उजेडात धरली. तिने भावजींना एवढंच विचारलं, "मग माझे आतले दात?"  भावजींनी खिशातून तिचा तो विषमुक्तचा कागद काढला आणि त्याच्या लहान लहान घड्या करत राहिले.

मी जे तिथे सगळ्यांना सांगितलं तेच इथे सांगते. शाळा लागत नाही त्याला. कुणी म्हणालं, माझ्या उपायाने तुमचा रोग निघतो, तर ज्याला रोग नाही, ज्याला जीवच नाही, असं काहीतरी त्याच्यापुढे ठेवा आणि तोच उपाय करायला लावा. लाकूड ठेवा, दगड ठेवा, काहीच ठेवू नका. तरी रोग निघाला तर तो रोग त्या माणसाच्या डब्यातला आहे. आणि पाणी गोड लागतं म्हणून चांगलं नसतं, जवळ आहे म्हणून चांगलं नसतं. ते तपासायला लागतं. आणि माझ्यासारखं, ठाऊक असून गप्प बसू नका. मी महिनाभर गप्प बसले आणि माझ्याच माठात पिवळं पाणी होतं.

मग भावजींकडे वळले. सगळी गल्ली ऐकत होती. ऐकू दे म्हटलं.

"भावजी, टबाने तुम्हाला फसवलं, ते मी मनात ठेवणार नाही. सगळेच फसले. पण रोज सकाळी लाल पंपावर कॅन भरून मला हिरवं म्हणून सांगायचात, तिथे कुठला महाराज नव्हता, कुठली वीज नव्हती. ते तुम्ही एकट्याने केलंत. तीस वर्षं कारकुनी केलेल्या शिकल्या माणसाने केलंत. उद्यापासून टेकडीपलीकडचं पाणी मुलगा ठेल्यावरून आणेल, त्यासाठी सकाळचे कपडे उशिरा पोचले तरी चालतील. तुमचं काम दुसरं. ही नळी आणि औषध दगडवाली तुम्हाला देईल. रोज घरोघरी जायचं, प्रत्येक माठात थेंब टाकायचे, पिवळं निघालं की त्या घरच्या पोरांसमोर उभं राहून सांगायचं, का प्यायचं नाही ते. आणि सुरुवात आपल्या घरापासून करायची, या खारुताईसमोर. जा."